वेदीचा दगड अनघड, मंदिराचा घडीव: पाथरवटाच्या बाजूने हे कसं समजवायचं?

योहान_वानवडी

नमस्कार मंडळी. चर्चमधल्या तरुणांच्या बायबल अभ्यासासाठी ‘दगड’ हा विषय घेतोय. दोन तासांचं सत्र आहे आणि मुलं बहुतेक इंजिनिअरिंगची, त्यामुळे गोलगोल बोलून भागणार नाही. तयारीत जिथे अडलोय ते मांडतो.

निर्गम २०:२५ सांगतं की दगडाची वेदी केलीत तर ती घडीव दगडांची करू नका, हत्यार लावलंत की ती भ्रष्ट झाली. अनुवाद २७:५ मध्ये तर लोखंडी हत्यार असं स्पष्टच आहे. इकडे १ राजे ५:१५ मध्ये शलमोन राजा यरुशलेमच्या मंदिरासाठी डोंगरात दगड फोडायला ८०,००० माणसं लावतो, आणि ६:७ म्हणतं की दगड खाणीतच तयार करून आणले, मंदिर उभं राहत असताना हातोडा, कुऱ्हाड, कुठल्याही लोखंडी हत्याराचा आवाज तिथे ऐकू आला नाही. मग लोखंड चालतं की चालत नाही?

शिवाय आवाज न करता दगडी बांधकाम हे खरंच जमण्यासारखं आहे का? पुण्यात शेजारच्या फ्लॅटमध्ये चार टाइल बदलायच्या म्हटल्या तरी आठवडाभर कान किटतात.

प्रवचनात हमखास येणारी आपली म्हण, ‘टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही’, इथे लावावी का, याबद्दल मन साशंक आहे. आणि बांधणाऱ्यांनी नाकारलेला दगड कोनशिला झाला असं स्तोत्र ११८:२२ म्हणतं, ती कोनशिला नेमकी पायातली की माथ्यावरची? जाणकारांनी जरा सविस्तर लिहा, मुलं उलटे प्रश्न विचारतात.


घण_छिन्नी

योहानदादा, मी दगडापुरतं लिहितो. वेदीचं जाणकार सांगतील.

आधी दगड कुठला ते बघा. आपल्या डोळ्यासमोर काळा पाषाण येतो आणि तिथेच गफलत होते. यरुशलेमचा डोंगर चुनखडकाचा, थराथरांचा. तिथले खाणवाले त्याचे प्रकार करतात. ‘मिझी’ दाट आणि कठीण, ‘मेलेके’ पांढरट आणि घडाईला सोपा. मेलेके खाणीतून निघतो तेव्हा ओला असतो आणि छिन्नीला पटकन दाद देतो. उघड्यावर वाळला की त्याचं तोंड घट्ट होतं, कारण आतल्या ओलाव्यात विरघळलेला चुना पृष्ठभागाशी येऊन बसतो. त्यामुळे घडाई खाणीवरच उरकणं शहाणपणाचं, मग वर देऊळ बांधा नाहीतर गोठा.

यरुशलेममध्ये दमास्कस वेशीजवळ, जुन्या शहराच्या पोटात, सिद्कीयाची गुहा म्हणून अशी खाण आहे, सुमारे ९,००० चौरस मीटरची. तिला शलमोनाची खाण म्हणतात, पण आज दिसणारी बरीच तोड हेरोद राजाच्या, म्हणजे येशूच्या जन्माच्या आसपासच्या काळातली आणि त्यानंतरची आहे. मुलांना फोटो दाखवाल तेव्हा हे सांगून टाका.

तोड अशी होते. वरची माती आणि पोचट थर काढून घट्ट थर उघडा करायचा. त्यावर दोरीने चिऱ्याची आखणी. रेषेवर टिकावाने चर खणायचा, साधारण १० ते १५ सेंमी रुंद, खोली चिऱ्याच्या उंचीएवढी. फार मोठ्या चिऱ्याला चर इतका रुंद ठेवावा लागतो की माणूस आत उतरून टिकाव चालवू शकेल. एक बाजू आधीच्या तोडीमुळे मोकळी असते, बाकी बाजूंना चर पडला की चिरा फक्त बुडाशी धरलेला राहतो. बूड सोडवायला थराची नैसर्गिक फट गाठायची आणि तिच्यात लोखंडी पाचरांची रांग बसवायची.

नवखा माणूस चुकतो तो इथे. एक पाचर पूर्ण ठोकून मग दुसरीकडे वळायचं नसतं. रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत प्रत्येकीला सारखा एकेक घाव, मग पुन्हा पहिल्यापासून. ताण बसत जातो तसा ठोक्याचा आवाज चढतो, आणि भेग धावली की एकदम उतरतो. मध्येच कान देऊन थांबायचं, कारण भेग ठोका नसतानाही पुढे सरकत असते. घाईने एकच पाचर आत घातली तर भेग तिच्यापाशी वळते आणि चिऱ्याचा कोपरा निघून येतो. कोपरा गेलेला चिरा लहान मापाला वापरता येतो, पण चर खणायची मजुरी गेली ती गेलीच.

आता घडाई. आधी एका कडेला रुंद छिन्नीने सरळ पट्टी काढायची. मग समोरच्या कडेला दुसरी पट्टी, आणि दोन्हींवर एकेक सरळ काठी उभी धरून एका डोळ्याने बघायचं. काठ्यांच्या वरच्या कडा एकमेकींत मिसळल्या की तोंडाला पीळ नाही. उरलेल्या दोन कडा त्या दोन पट्ट्यांना जोडून घ्यायच्या. मधला फुगवटा टोकदार छिन्नीने उतरवायचा, किंवा तसाच ठेवायचा. हेरोदाच्या काळातल्या भिंतींवर चौफेर पट्टी आणि मध्ये किंचित उठलेला भाग दिसतो तो हाच प्रकार. सौंदर्य आहेच, पण बांधताना दोरी आणि ओळंबा लावायला पट्टी पुरते, अख्खं तोंड तासत बसावं लागत नाही.

या एका तोंडावरून गुण्या (काटकोन तपासायचं हत्यार) लावून बाकीची तोंडं. सगळ्यात जास्त जीव वरच्या आणि खालच्या बैठकीत घालायचा, कारण तिथे चुना नाही. चिऱ्यावर चिरा कोरडा बसतो. बैठकीत मध्ये वाटाण्याएवढा उंचवटा राहिला तरी सगळा भार त्या ठिपक्यावर येतो आणि चिरा वर्षांनी नाही, वरचा थर चढताच टिचतो.

खाणीतच घडवल्याने वाहतुकीत काय वाचतं ते मुलांना फळ्यावर करून दाखवा. १ × १ × २ मीटरचा कच्चा धोंडा म्हणजे २ घनमीटर. घनमीटरला २.४ टन धरले तर ४.८ टन. सहाही बाजूंनी फक्त ५ सेंमी उतरवले की उरतात ०.९ × ०.९ × १.९, म्हणजे सुमारे १.५४ घनमीटर, ३.७ टन. प्रत्येक नगामागे १.१ टन चुरा खाणीतच राहिला. बैलांच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे. उलट बाजूही सांगा: पूर्ण घडवलेल्या चिऱ्याच्या धारा वाटेत झडतात. म्हणून अनेक ठिकाणी थोडी भर ठेवून शेवटचा हात जागेवरच मारत. १ राजे ६:७ मध्ये ती सोयही सोडली आहे, आणि म्हणूनच ते वाक्य कारागिराच्या कानाला खटकतं. शक्य आहे का? आहे. एकाच मापाच्या काठ्या खाणीत आणि जागेवर, प्रत्येक चिऱ्यावर थराची खूण, कोरडा सांधा, आणि हलवायला लाकडी तरफा. खर्च मात्र दुप्पट धरा, कारण वाटेत कोपरा गेला की जागेवर दुरुस्ती नाही, नवा चिरा मागवायचा.


मिश्ना_वाचक

वरचा प्रतिसाद उत्तम. वेदीबद्दल थोडे.

पहिली गोष्ट, निर्गम २० मधला नियम वेदीचा आहे आणि १ राजे ६ मधले वर्णन घराचे. दोन्ही जागा एकाच आवारात असल्या तरी नियम वेगळे. शलमोनाची वेदी तर २ इतिहास ४:१ प्रमाणे पितळेची होती, २० हात लांब, २० हात रुंद, १० हात उंच. त्यामुळे ‘शलमोनाने नियम मोडला का’ हा प्रश्न तिथे उद्भवतच नाही. अनघड दगडाच्या वेदीचा तपशील हवा असेल तर दुसऱ्या मंदिराकडे, म्हणजे शलमोनाचे पाडले गेल्यावर त्याच जागी पुन्हा बांधलेल्या मंदिराकडे पाहावे लागते.

मिश्ना या यहुदी नियमांच्या जुन्या संग्रहातल्या मिद्दोथ या भागात, तिसऱ्या अध्यायात, तो अगदी बांधकाम विभागाच्या नियमावलीसारखा दिला आहे. वेदीचे आणि तिच्या चढावाचे दगड बेथ-केरेमच्या खोऱ्यातून आणत. जिथली माती पूर्वी कधी उकरली गेलेली नाही तिच्याखाली खणून अखंड दगड काढत. लोखंडाचा नुसता स्पर्श झाला तरी दगड बाद. इतर कशानेही टवका उडाला तरी तो बाद. पण बाद होई तो तेवढाच दगड, सगळी वेदी नाही. वर्षातून दोनदा, वल्हांडण आणि मांडवांच्या सणाला, वेदीला चुन्याची सफेदी देत. ती लोखंडी थापीने द्यायची नाही, न जाणो थापी दगडाला लागली तर! कारणही तिथेच दिले आहे: लोखंड माणसाचे आयुष्य कमी करायला निर्माण झाले, वेदी ते वाढवायला, आणि कमी करणारे वाढवणाऱ्यावर उगारणे योग्य नाही.

टवका किती मोठा चालतो? तल्मूद, म्हणजे मिश्नावरच्या चर्चेचा ग्रंथ, त्यातल्या हुल्लिन भागात याची चाचणी आहे. दगडावरून नख फिरवायचे. नख अडकले की तो दगड गेला. मुलांना एक गुळगुळीत गोटा आणि एक फुटका दगड हातात देऊन ही चाचणी करायला लावा, पाच मिनिटांत नियमाचा कडकपणा कळतो. असे दगड खाणीत मिळत नाहीत हेही त्यांना आपोआप उमगेल. ते जमिनीतून उचलावेच लागतात.

मक्काबी या यहुदी बंडखोर घराण्याच्या काळात बाटलेली वेदी उतरवली तेव्हाचा प्रसंगही घ्या. १ मक्काबी ४:४४-४७. जुने दगड फेकून दिले नाहीत. त्यांचे काय करावे हे सांगणारा संदेष्टा येईपर्यंत मंदिराच्या टेकडीवर योग्य जागी रचून ठेवले, आणि नव्या वेदीला नियमाप्रमाणे अनघड दगड घेतले. प्रॉटेस्टंट बायबलमध्ये हे पुस्तक नसते, त्यामुळे कोणी अंक शोधायला लागला तर आधीच सांगून ठेवा.

प्रत्यक्षात सगळीकडे नियम पाळला जाई असेही समजू नये. अरादच्या किल्ल्यातल्या मंदिराची वेदी अनघड दगड आणि मातीची आहे, नियमाशी जुळणारी. बैर-शेबाला मात्र १९७३ मध्ये योहानान अहारोनी यांच्या उत्खननात चार शिंगांची वेदी मिळाली ती व्यवस्थित घडीव चिऱ्यांची. तीही उभी नव्हे. तिचे चिरे कोठाराच्या भिंतीत वापरून टाकलेले होते, आणि एकावर साप कोरलेला.

आवाजाबद्दल रब्बींमध्येही (यहुदी धर्मगुरूंमध्ये) वाद आहे. तल्मूदच्या सोटा भागात रब्बी यहूदा म्हणतात की शलमोनाने शमीर नावाच्या अद्भुत जीवाकडून दगड चिरवले. रब्बी नहेम्या म्हणतात, छे, १ राजे ७:९ मध्ये करवतीने कापलेले दगड असे सरळ लिहिले आहे. काम बाहेर केले आणि आत आणून बसवले. मला नहेम्यांचे पटते. शमीरची कथा रंगतदार आहे, पण तिच्यामुळे मंदिर श्रमाविना उभे राहिल्यासारखे वाटते, आणि १ राजे ५ मधले ते हजारो राबणारे हात पुसले जातात.

प्रतीकाबद्दल माझे मत असे. वेदीवर माणसाने आपली कलाकुसर आणायचीच नाही. तिथे दगड जसा मिळाला तसा. घरात मात्र घडलेलाच दगड लागतो, फक्त घडाईची जागा वेगळी. म्हणून तुमची म्हण खाणीला लागू पडते, वेदीला नाही. शिवाय त्या म्हणीत घाव सोसून दगडाचा देव होतो. बायबलमध्ये घडवलेला दगड देव झाला की तो निर्गम २०:४ चाच, म्हणजे मूर्ती करू नका या आज्ञेचाच भंग. तिथे घाव सोसलेल्या दगडाला मिळते ती भिंतीतली जागा, शेजारी आणखी शंभर दगड असलेली. १ पेत्र २:५ मध्येही जिवंत दगड अनेक आहेत आणि त्यांचे मिळून एक घर होते. म्हण वापरा, पण हा फरक बोलून दाखवा. नाहीतर एखादे चलाख पोर तुम्हाला तिथेच पकडेल.


ओळंबा

कोनशिलेवर कोणी लिहिलं नाही म्हणून.

भिंत सुरू करताना पहिला चिरा कोपऱ्यात बसतो. दोन भिंतींच्या दोऱ्या त्याच्या दोन तोंडांवरून निघतात. तो गुण्यात नसेल तर पुढचा प्रत्येक चिरा इमानदारीने चुकीच्या रेषेवर बसतो, आणि चूक शेवटी कळते. मंदिराची लांबी ६० हात, १ राजे ६:२. हात ४५ सेंमीचा धरला तर २७ मीटर. कोपऱ्यात फक्त १ अंशाची चूक असेल तर २७ मीटरवर भिंत ४७ सेंमी सरकते, म्हणजे पूर्ण एक हात! तपासायची रीत जुनीच आहे: एका भिंतीवर ६ हात, दुसरीवर ८ हात, तिरकं माप १० हात आलं की कोपरा बरोबर. दोन्ही कर्ण मोजून बघणं त्याहून खात्रीचं, पण त्यासाठी चारही कोपरे लागतात.

यशया २८:१६ आणि लगेच पुढचं २८:१७ एकत्र वाचा. आधी पायात पारखलेला कोपऱ्याचा दगड, मग न्यायाची दोरी आणि नीतीचा ओळंबा. हा कवीच्या मनचा क्रम नाही, गवंड्याच्या कामाचा आहे. कोपरा बसल्याशिवाय दोरी बांधणार कशाला?

पारखायचा कसा? हलक्या हातोडीने ठोकायचं. खणखणीत वाजला तर निरोगी, बद्द वाजला तर आत भेग किंवा मातीची शीर. मग पाणी मारून वाळू द्यायचा. केसाएवढ्या भेगेत पाणी टिकतं, बाकी तोंड वाळल्यावर तिची काळी रेघ राहते. रोमन वास्तुकार विट्रुव्हियस तर सांगतो की दगड दोन वर्षं आधी उन्हाळ्यात काढा, उघड्यावर ठेवा, खराब होतील ते पायात टाका, टिकतील ते वर घ्या. शलमोनाचं धोरण उलटं दिसतं: १ राजे ५:१७ मध्ये मोठे, मोलाचे, घडीव दगड पायासाठीच काढलेत. मातीखाली जाणाऱ्या, कोणाच्या नजरेला न पडणाऱ्या भागावर एवढा खर्च! सत्रात यावर वेळ घालवा, कोनशिलेपेक्षा जास्त बोलण्यासारखं आहे.

दगड नाकारतात कधी? शीर, भेग, कोपरा गेलेला ही उघड कारणं. पण चांगला दगडही नाकारला जातो, कारण थराची उंची ठरलेली असते. थर ४५ सेंमीचा चाललाय आणि चिरा ५५ चा आला तर गवंडी तो बाजूला लोटतो. साध्या चिऱ्याचं एकच दर्शनी तोंड नीट लागतं, मागची बाजू खडबडीत चालते. कोपऱ्याच्या चिऱ्याला लगतची दोन तोंडं आणि दोन्ही बैठका अचूक लागतात, लांबी आणि वजनही जास्त. म्हणजे रांगेत न बसणारा मोठा दगड कोपऱ्याला योग्य ठरणं हे साईटवर अगदी शक्य कोटीतलं आहे. मात्र ‘शलमोनाच्या कारागिरांनी एक दगड ओळखला नाही, तो गवतात पडून राहिला आणि शेवटी कोनशिला म्हणून शोधत आले’ ही जी रंगवून सांगितली जाते ती गोष्ट बायबलमध्ये कुठेही नाही. स्तोत्र ११८ मध्ये एक ओळ आहे, बस.

पायातली की माथ्यावरची? जखऱ्या ४:७ मधला दगड शेवटी चढवायचा, तो माथ्याचा. यशयाचा पायातला. १ पेत्र २:६-८ मध्ये यशया, स्तोत्र आणि ठेच लागण्याचा दगड एका दमात येतात, आणि ज्याला ठेच लागते तो दगड जमिनीलगतच असणार. मी पायाच्या बाजूने मत देईन. इफिस २:२० मध्येही पाया आणि कोनशिला एकाच वाक्यात आहेत.


योहान_वानवडी

सर्वांचे मनापासून आभार. नखाची चाचणी आणि १ अंशाचं गणित दोन्ही घेणार. आता प्रात्यक्षिकाचं बोला. वाघोलीच्या खाणीतून काळ्या दगडाचे दोन तुकडे आणून मुलांच्या हातात छिन्नी द्यावी असं मनात आहे. आणि भिजवलेल्या लाकडी पाचरीने दगड फोडून दाखवता येईल का? व्हिडिओत फार सोपं दिसतं.


घण_छिन्नी

लाकडी पाचर सत्रात नको. सुकी पाचर ठोकून पाणी घातलं की लाकूड फुगतं हे खरं, पण मोठे धोंडे त्याने किती फोडले जात यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पातळ, थर सुटणाऱ्या दगडात एक वेळ चालेल. तुमच्या दोन तासांत काहीच घडणार नाही आणि मुलं मोबाइल काढतील.


दख्खन_ट्रॅप

काळा पाषाणही नको. आपला दगड लाव्ह्याचा, त्याला चुनखडकासारखे थर नाहीत, आणि घनमीटरला २.८ ते ३ टन भरतो. नवख्या हाताने तासभर ठोकलं तरी पांढरे ओरखडे उठतील आणि छिन्नीचं टोक बसेल. टोक बसलं की लोहाराकडे नेऊन पुन्हा तापवून, ठोकून, पाणी द्यावं लागतं. कुठल्याही जुन्या खाणीवर भाता असायचा तो त्यासाठीच. दगड फोडणाऱ्याइतकंच काम धार लावणाऱ्याला असतं.

पुण्यात सहज मिळणारा चुनखडक म्हणजे शहाबादी फरशी. घरोघरी ओट्याखाली आणि अंगणात आहे, पण ती चुनखडकाची आहे हे फार जणांना ठाऊक नसतं. पॉलिश न केलेले, ३०-४० मिमी जाडीचे तुटके तुकडे फरशीवाल्याकडे स्वस्तात मिळतात. आधी लिंबू पिळा किंवा व्हिनेगरचे थेंब टाका. ताज्या तुटलेल्या कडेवर टाका, धूळ असलेल्या तोंडावर नको. बारीक बुडबुडे येतील. शेजारी काळ्या दगडावर तेच थेंब टाका, काही होणार नाही. यरुशलेमचा दगड कोणत्या जातीचा हे तेवढ्यात कळतं.

मग तोड. तुकडा ओल्या वाळूच्या सपाट गादीवर ठेवा. दोरीने रेघ मारा, रुंद छिन्नीने रेघेवरून हलक्या घावांनी ३-४ मिमी खोल खाच पाडा, उलटवून खालच्या बाजूनेही तशीच. आता बरोबर खाचेखाली लाकडी पट्टी सरकवा आणि दोन्ही बाजूंना दाब द्या. सरळ तुटायला हवा. वाकडा तुटला तर तीनपैकी एक कारण: खाच एका टोकाला उथळ राहिली, वाळूत खड्डा होता, किंवा शेवटी धीर सुटून मध्येच जोरात घाव घातला. थर दाखवायचे असतील तर तुकडा कडेवर उभा धरून धारदार छिन्नी थराच्या रेषेत लावा आणि चारही कडांनी थोडं थोडं ठोकत फिरा. पापुद्रा सुटतो. हाच दगड भिंतीत थर उभे करून बसवला तर पावसापाण्याने दर्शनी बाजूच्या कपच्या निघायला लागतात. खाणीत जसा झोपला होता तसाच भिंतीत झोपवायचा, हा नियम इथे नीट दाखवता येतो.

करवतीने कापलेला दगड दाखवायला पोरबंदरचा दगड मिळाला तर उत्तम, तो मऊ चुनखडक आहे, हातकरवतीने चिरता येतो. नाहीच मिळाला तर सिपोरेक्सचा, म्हणजे बांधकामातला हलका सच्छिद्र ब्लॉक घ्या. तो दगड नाही हे सांगून टाका, म्हणजे झालं. डोळ्यांवर गॉगल सगळ्यांच्या, फक्त ठोकणाऱ्याच्या नाही. कपची समोरच्याकडे उडते. उपदेशक १०:९ मध्ये दगड फोडणाऱ्याला इजा होते असं लिहिलंच आहे, तेवढं वचन प्रात्यक्षिकाआधी वाचा.

काळ्या दगडाची हौस दुसरीकडे भागवा. गालील समुद्राच्या उत्तरेला आपल्यासारखाच बेसॉल्ट आहे. खोराजीनचं सभास्थान पूर्ण काळ्या दगडाचं. कफर्णहूमला पांढऱ्या चुनखडकाचं सभास्थान काळ्या बेसॉल्टच्या पायावर उभं आहे. ते येशूच्या नंतरच्या शतकांतलं, हे विसरू नका. पण काळ्या दगडाच्या घरांमध्ये बाहेरून आणलेला पांढरा दगड काय दिसत असेल, ते पुणेकराला वेगळं सांगायला नको.

एक विषय तुमच्या यादीत नाही तो सुचवतो. योहान २:६ मधले सहा दगडी रांजण. प्रत्येकात दोन-तीन मण पाणी, म्हणजे ग्रीक मापाने साधारण ८० ते १२० लिटर. मातीचं भांडं एकदा अशुद्ध झालं की फोडावंच लागे. दगडाला अशुद्धता लागत नाही असा तेव्हाचा संकेत, म्हणून शुद्धीच्या पाण्याला दगड. ही भांडी खडूसारख्या मऊ पांढऱ्या दगडाची. लहान पेले आणि वाडगे लेथवर फिरवून पोकळ केलेले. नासरेथजवळ रेना इथे २०१७ मध्ये अशी खाण आणि कारखाना उजेडात आला. लेथवर पोकळ करताना आतून निघालेले दगडाचे गाभे तिथेच टाकलेले सापडले. गाभ्यांवरून कोणत्या मापाची भांडी बनत ते मोजता येतं, टाकाऊ मालाचा असाही उपयोग.


योहान_वानवडी

रांजण नक्की घेतो. आणखी एकच: मुलांना पुण्यातल्या पाताळेश्वर लेण्यात नेलं तर उपयोग होईल का? कॅम्पातून रविवारी सहज जाता येतं.


ओळंबा

होईल, पण मंदिराशी तुलना करू नका. पाताळेश्वर आठव्या शतकातलं, अखंड खडकातून उकरून काढलेलं. तिथे एक खांब बिघडला तर बदलायला दुसरा नाही. शलमोनाचं मंदिर रचलेलं, तिथे चिरा बाद झाला की दुसरा येतो. तुलना करायचीच तर यरुशलेमलगतच्या किद्रोन खोऱ्यातल्या कबरींशी करा. जखऱ्याची कबर म्हणतात ती पूर्ण खडकातून सुटी करून काढली आहे. यशया २२:१६ मध्ये शेबना खडकात स्वतःची कबर खोदतो तीही याच जातीची, मत्तय २७:६० मधली, येशूला जिथे ठेवलं ती अरिमथाईच्या योसेफाचीसुद्धा. जाता जाता, त्या काळच्या यरुशलेमजवळच्या ९०० हून जास्त कबरी पुरातत्त्वज्ञ आमोस क्लोनर यांनी तपासल्या, त्यात चाकासारखी गोल शिळा फक्त ४ ठिकाणी होती. बाकी ठिकाणी बुचासारखा चौकोनी दगड. ईस्टरच्या चित्रातली शिळा श्रीमंताघरची आहे, आणि योसेफ श्रीमंत होता असं मत्तय सांगतोच.

पाताळेश्वरला बघायचं ते कमी उजेडाच्या भिंतींवर, मोबाइलचा टॉर्च भिंतीला समांतर धरून. समोरून उजेड मारला तर छिन्नीचे माग दिसत नाहीत. घाव कोणत्या दिशेने पडलेत, कारागीर उजव्या हाताला उभा होता की डाव्या, हे ओळखायला लावा.


दख्खन_ट्रॅप

आणि छिन्नी, हातोडी, लिंबू सगळं चर्चमध्येच ठेवून जा. ते संरक्षित स्मारक आहे. नखाची चाचणी तेवढी चालेल, तीही बाहेरच्या मोकळ्या दगडावर.